खातरजमा

आंबेखोलच्या स्वयंसेवी अग्निपथकात कोणाची पाळी कधी, हे एकवीस वर्षं वैजयंता कुराडे यांनी ठरवलं, आणि त्या एकवीस वर्षांत त्यांच्याशी एकदाही न भांडलेला माणूस गावात सापडणं कठीण होतं. दर रविवारी बाजार उरकला की देवळामागच्या हॉलमध्ये त्या खडू घेऊन काळ्या फळ्यापुढे उभ्या राहत. सहा-सहा माणसांच्या चार तुकड्या आणि आठवड्याचे सात दिवस. कोणाच्या घरी बारसं, कोणाची काजू वेचणी, कोणाची म्हैस व्यायला टेकलेली. सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची आणि शेवटी स्वतःच्या मनात होतं तेच लिहायचं, अशी त्यांची पद्धत होती. अंगणवाडीत निम्म्या गावाला त्यांनी नाक पुसायला शिकवलं होतं, त्यामुळे उरलेलं निम्मं गावही त्यांना बाईच म्हणत असे.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडू दिला नाही. पाळी बदलायची असेल तर दोघांनी मिळून फळ्यापुढे यायचं. एकाने आपलं नाव स्वतः पुसायचं आणि दुसऱ्याने त्या जागी आपल्या हाताने आपलं लिहायचं. फोनवरचा निरोप चालायचा नाही. बांधावरून आठ वर्षं अबोला धरलेल्या दोन चुलतभावांना एकदा अशीच गरज पडली होती. फळ्यापुढे त्यांच्यातला पहिला शब्द निघाला तो ‘खडू दे’ असा. पुढच्या दिवाळीत दोघांनी एकत्र फराळ केला. बाईंनी त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

पथक उभं राहिलं ते हिंदुराव पाटोळे यांच्या ट्रॅक्टरवर. पहिल्या मोठ्या वणव्यात तालुक्याचा बंब दीड तासाने पोचला होता. तोपर्यंत हिंदुरावांनी फवारणीची टाकी ट्रॅक्टरला जोडून शाळेची पडवी वाचवली होती. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या दारात येऊन म्हणाले, “माणसं मी आणतो, लिहायचं काम तुम्ही करा.” तेव्हापासून ते सगळ्या पथकाचे तात्या झाले. बाईंचे यजमान गेले, तेव्हा तेरा दिवस टेकडीवरच्या मचाणावरची बाईंची टेहळणी तात्यांनी आपली पाळी सांभाळून वर केली होती. फळ्यावर स्वतःचं नाव लिहिताना त्यांनी बाईंच्या नावाखाली लिहिलं, बाईंचं पुसलं नाही. नियमभंग होता तो, पण त्या वेळी बोलायला बाई जागेवर नव्हत्या.

पूर्वी वणव्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे असायचा. २०४३ उजाडेपर्यंत तो दिवाळीपासून जूनपर्यंत लांबला. चोवीस माणसं आठ-आठ महिने डोंगर राखून पार मेटाकुटीला आली. एकजण आग अडवायला गवत कापून जाळरेषा काढता काढता उभ्याउभ्या झोपला आणि कोयत्यावर पडला. मांडीला सोळा टाके पडले. त्यानंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेची डॉ. शाल्मली ‘प्रहर’ घेऊन गावात आली.

प्रहर म्हणजे एक पडदा, डोंगरभर गवतात रोवलेल्या खुंट्या आणि चोवीस मनगटपट्ट्या. खुंट्या गवत किती वाळलंय ते सांगत. पट्ट्यांचं काम जास्त नाजूक होतं. शाल्मलीने ते हॉलमध्ये समजावून सांगितलं.

“दमलेल्या माणसाचं हृदय अगदी ठेक्यात चालतं. ताज्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासागणिक किंचित कमीजास्त होतं, कारण शरीराला जुळवून घ्यायला वाव असतो. पट्टी तो वाव मोजते. झोप किती झाली, अंगाचं तापमान पहाटे किती उतरलं, चढ चढल्यावर ठोके किती वेळात खाली आले, हेही बघते. पाच दिवसांत प्रत्येकाची लय शिकते आणि पुढच्या तीन दिवसांत कोण किती तयार असेल ते शंभरपैकी एका आकड्यात सांगते. त्याला आम्ही सज्जतांक म्हणतो.”

“आणि पन्नासच्या खाली आला तर?” हिंदुरावांनी विचारलं.

“तर त्या दिवशी विश्रांती, काका.”

“म्हणजे नापास. एवढं शिकून तुम्ही परीक्षाच काढली म्हणा की.”

सगळे हसले. बाईही हसल्या. फळा भिंतीवरून उतरवताना त्यांना जरा वाईट वाटलं, खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. यापुढे कोणी भांडायला आलं तर पडद्याकडे बोट दाखवता येणार होतं.

पहिल्या दोन महिन्यांत प्रहरने कमाल केली. पूर्वी हाक आल्यापासून आगीपाशी पोचायला तुकडीला बावीस मिनिटं लागायची, ती आता नऊवर आली. दुपारी दोनच्या उन्हात कोणी पुढे राहायचं, टाकीपाशी कोणी थांबायचं, हेसुद्धा प्रहर आकड्यांवरून ठरवी. दोन महिन्यांत एकाही माणसाला खरचटलं नाही. पण पाळी बदलून घेणं मात्र बंद झालं. एकाच्या जागी दुसरा गेला की सगळं गणित कोलमडायचं, म्हणून शाल्मलीने तशी सोयच ठेवली नव्हती.

माणसांनी मग त्यांच्या परीने सोय केली. पाळी बदलता येत नाही ना, मग पट्टी बदलायची. रणजित तोडकर हा पहिल्या तुकडीचा म्होरक्या. त्याला मेव्हणीच्या साखरपुड्याला जायचं होतं, तर त्याने चार दिवस आपली पट्टी उसाच्या तोडीवर राबणाऱ्या, पथकातल्याच एका मित्राच्या हातात अडकवली. प्रहरला वाटलं रणजित दमलाय, त्याने त्याला सुट्टी दिली. रणजित साखरपुड्यात जेवून आला आणि पुढच्या महिन्यात त्याने मित्राची अशीच सोय केली.

पडद्यावर त्या वेळी सूचना येई: ‘हृदयलयीत अनपेक्षित बदल. व्यक्तीची खातरजमा करा.’ खाली दोन बटणं असत. एक ‘खातरजमा झाली’, दुसरं ‘पट्टी परत मागवा’. पहिल्यांदा बाईंनी रणजितला गाठून विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, “बाई, साखरपुडा वर्षातनं एकदाच असतोय.” बाईंनी पहिलं बटण दाबलं. पुढे पुढे त्या विचारायच्याही थांबल्या. सूचना आली की मनातल्या मनात हसायचं आणि बटण दाबायचं. त्यांच्या फळ्यावरची अदलाबदल जिवंत आहे, याचं त्यांना आतून बरंच वाटायचं. असं अकरा वेळा झालं आणि त्यात कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं होतं ते तात्यांचं. मार्चपासून त्यांचा सज्जतांक अडतीसच्या वर सरकत नव्हता. सदुसष्ट वर्षांचं हृदय चढ चढल्यावर अर्धा तास खाली येत नसे. प्रहरने त्यांना काढून टाकलं नाही, काढून टाकणं त्याला माहीतच नव्हतं. तो त्यांना फक्त विश्रांती देत गेला. एक आठवडा गेला, दुसरा गेला, पाच गेले.

तात्या दर रविवारी धुतलेला सदरा घालून हॉलमध्ये यायचे आणि पडद्याखाली उभे राहून पाळीची सगळी नावं वाचायचे.

“बाई, माझं नाव दिसंना की ओ.”

“फिरती पाळी हाय तात्या. फिरत फिरत येतंय.”

“लईच लांबनं फिरायलंय.”

“येईल की पुढच्या आठवड्यात.”

ही थाप बाईंनी पाच रविवार मारली. त्या काही मुळात खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. अख्ख्या गावाला फैलावर घेणारी बाई, पण या एका माणसापुढे तोंड उघडायची त्यांना भीड पडली. आंबेखोलमध्ये कोणाला तोंडावर ‘आता तुम्ही थांबा’ म्हणायची रीतच नव्हती. म्हातारं माणूस आपणहून कोयता खुंटीला लावतं, तोवर बाकीच्यांनी दुसरीकडे बघायचं. तात्यांनी कोयता लावला नाही आणि बाई दुसरीकडे बघत राहिल्या.

त्यातल्या चौथ्या रविवारनंतर फोनवर शाल्मली म्हणाली, “त्यांना सांगा ना बाई. टाकीपाशी किंवा रेडिओवर बसायचं काम तुम्ही हाताने देऊ शकता. कारण लिहायचं आणि नाव घालायचं, एवढंच तर आहे.”

“कारण काय लिहू?”

“वय. हृदयाची क्षमता.”

“ते पडद्यावर सगळ्यांना दिसेल?”

“हो. पारदर्शकता म्हणून.”

बाईंनी फोन ठेवला. तात्या थकले हे हॉलच्या भिंतीवर झळकणार आणि ते आपल्या हातून. आज सांगू, उद्या सांगू, असं करत त्यांनी आणखी एक आठवडा काढला.

आणि मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, पडद्यावर सूचना आली. हिंदुराव पाटोळे. हृदयलयीत अनपेक्षित बदल. आकडा अडतीसवरून शहाऐंशीवर गेला होता.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कसली खातरजमा आणि कसलं काय, त्यांना ते एका क्षणात कळलं. पाटोळ्यांच्या घरात असं हृदय एकाच माणसाचं होतं, ते म्हणजे तात्यांची सून अश्विनी. कॉलेजात असताना ती जिल्ह्याला धावायची. नवरा गोव्याला नोकरीला, घरात सासू, सासरे आणि ही. तात्यांनी पट्टी सुनेच्या हातात घातली होती.

दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं की तात्यांना जाऊन सांगणं आलं. आकडा का पडतोय ते सांगावं लागलं असतं, पाच रविवारची थाप कबूल करावी लागली असती. पहिलं बटण दाबलं तर तात्यांचं नाव पडद्यावर येणार, तात्या खूश होणार, आणि सांगायचं काम आपोआप टळणार. एखादी पाळी मिळेल, टाकीपाशी बसतील, मन शांत होईल, मग बघू. बाईंनी बराच वेळ विचार केला असं त्यांना पुढे वाटत राहिलं. नोंदीप्रमाणे त्यांनी अकरा सेकंदांत ‘खातरजमा झाली’ दाबलं.

प्रहरने पाच दिवस ती नवी लय शिकून घेतली. शुक्रवारी संध्याकाळी त्याने तात्यांना दुसऱ्या दिवशीची, शनिवारची पाळी दिली, पण टाकीपाशी नाही. शहाऐंशी आकड्याचा माणूस टाकीपाशी बसवणं त्याच्या गणितात बसत नव्हतं. त्याने त्यांना दुपारच्या तुकडीत पुढच्या फळीत घातलं. बाईंनी ते वाचलं. जागा बदलायची तर कारण लिहायला लागलं असतं. शनिवारी वारा कमी सांगितलाय, एवढं त्यांनी बघून घेतलं.

वारा दीड वाजता उठला. डोंगराच्या पश्चिमेच्या सपाट सड्यावर कोणीतरी नवं गवत चांगलं यावं म्हणून जुनं पेटवून दिलं होतं. तुकडी आठ मिनिटांत पोचली. बाई हॉलमध्ये पडद्यापुढे वॉकी-टॉकी घेऊन बसल्या होत्या. पाळीवर जाताना तात्यांनी पट्टी सुनेकडून घेऊन आपल्या मनगटावर बांधली होती, कारण पट्टीशिवाय हजेरीच लागत नव्हती. चढ सुरू झाला आणि त्यांचा आकडा खाली येऊ लागला. शहाऐंशी, मग साठ, मग अठ्ठावीस.

बाईंना वाटलं, आता प्रहर ओरडेल. आकडा तिसाखाली गेला की तो स्वतःच म्होरक्याच्या कानात ‘माणूस मागे घ्या’ असं सांगायचा. पण प्रहर गप्प राहिला. त्याने शिकलेल्या हृदयात वीस मिनिटांत एवढा फरक पडू शकत नव्हता, आणि ते हृदय हिंदुराव पाटोळ्यांचंच आहे, अशी त्याची खातरजमा करून देण्यात आली होती. म्हणून तात्यांचं स्वतःचं हृदय जेव्हा पट्टीखाली धडधडू लागलं, तेव्हा प्रहरने ती चूक मानली. पडद्यावर बारीक अक्षरांत नोंद आली: ‘पट्टी सदोष. वाचन दुर्लक्षित.’

“रणजित,” बाई वॉकी-टॉकीवर ओरडल्या, “तात्यांना मागं घे. आत्ता.”

“काय झालं ओ बाई? इथं कानात तर यंत्र काय सांगना झालंय.”

“मी सांगतोय ना, मागं घे त्यांना.”

रणजित पालापाचोळा उडवणाऱ्या ब्लोअरच्या आवाजात धुरातून चाळीस पावलं वर गेला. तात्या हातातल्या ओल्या डहाळीसकट गुडघ्यावर बसले होते. आग त्यांच्यापर्यंत आली नव्हती. त्यांना खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

शाल्मली तिसऱ्या दिवशी आली. तिने सगळ्या नोंदी बघितल्या. मग म्हणाली, “अहवालात ‘पट्टीची अदलाबदल’ एवढं जाईल बाई. घरातल्या व्यक्तीने वापरली असं. तुमचं बटण नोंदीत आहे, पण ती नोंद कोणी मागणार नाही. आणि पुढच्या वर्षी आम्ही पट्टी काढून कातडीखाली चिप बसवणार आहोत, म्हणजे हा प्रश्नच राहणार नाही.”

ती हे चांगल्या मनाने बोलत होती. बाईंनी मान हलवली आणि तिला चहा दिला.

घरातल्या व्यक्तीने वापरली, हे गावाला अहवालाआधीच कळलं होतं. अश्विनीची सासू तिच्याशी बोलेनाशी झाली. विहिरीवर बायका तिला बघून विषय बदलू लागल्या. नवरा गोव्याहून आला होता, तोही तिच्याकडे न बघता जेवायचा. दिवसकार्याला बाई गेल्या, पिंडाला नमस्कार केला आणि घरी आल्या. स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी बसलेली अश्विनी त्यांना दिसली होती. त्या तिच्याजवळ गेल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांना ताट समोर घेऊन बसवेना. तात्यांना एक वाक्य सांगायचं होतं, ते चाळीस दिवस टाळलं. आता या पोरीलाही टाळलं तर आपण माणसात राहणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाटोळ्यांच्या मागच्या दाराने गेल्या. अश्विनी परसात भांडी घासत होती. बाईंना बघून ती उठायला लागली.

“बस गं. मीच बसतो इथं.” बाई शेजारच्या दगडावर टेकल्या. आधी काय बोलायचं ते ठरवून आल्या होत्या, पण त्यातलं काही आठवेना. “तू पट्टी घातलीस ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पडद्यावर आलं होतं. थांबवायचं बटण माझ्या हातात होतं आणि मी ते दाबलं न्हाई. उलट तेच खरं हाय म्हणून यंत्राला सांगितलं. तुझ्यामुळं न्हाई गेले ते. माझ्यामुळं गेले. तुझ्या सासूला, नवऱ्याला, सगळ्या गावाला मी तसं सांगणार हाय. आधी तुला सांगायला आलो.”

अश्विनीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती रागावेल, रडेल, निघून जा म्हणेल, कशालाही बाई तयार होत्या. तिला काही आश्चर्य वाटलंय असंच दिसलं नाही.

“माहीत हाय बाई,” ती म्हणाली.

“काय माहीत हाय?”

“तुम्हाला कळलं होतं ते. मामांनीच सांगितलेलं.” सासऱ्यांना ती मामा म्हणे. “पट्टी माझ्या हातात घालताना मी म्हटलं, मामा, हे बरं न्हवं, कुणाला कळलं तर? तर म्हणाले, कळंलच. बाईंच्या पडद्यावर लगेच दिसतंय. बाईंच्या नजरेतनं काय सुटत न्हाई.”

बाई तिच्याकडे वळून बसल्या.

“म्हणाले, मी काय त्या यंत्राला फसवायला न्हाई घालत ही. बाई माझ्या तोंडावर बोलंनात. पाच रविवार झाले, नुसतं येईल येईल म्हणायल्यात. आता त्यांना बोलावंच लागंल. मला ठेवायचं नसलं तर त्या पट्टी परत मागवतील, मग मी गप घरात बसतो, परत नाव काढत न्हाई. आणि न्हाई मागवली तर समजायचं, बाईंना मी अजून पाहिजे हाय.” अश्विनीने हाताची राख पदराला पुसली. “रोज सांजचं विचारायचे, बाईंचा निरोप आला का गं? मी म्हणायची, न्हाई आला. पाच दिवस विचारलं. शुक्रवारी पडद्यावर नाव बघून आले आणि कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं त्यांना. लई खूश होते ओ बाई.”

घरातून सासूने भांड्यांसाठी हाक मारली. अश्विनी उठली, घासलेली भांडी पाटीत भरून आत घेऊन गेली. बाई तिथेच दगडावर बसून राहिल्या.